सात वर्षं कशी मोजायची? ऑलिव्हिया डी हॅविलँडचा वॉर्नर ब्रदर्सशी झालेला खटला

हॉलिवूडची नटी ऑलिव्हिया डी हॅविलँड हिचा वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओशी असलेला सात वर्षांचा करार मे 1943 मध्ये संपायला हवा होता. तो संपला नाही. स्टुडिओचं म्हणणं असं: मधल्या काळात तिने काही भूमिका नाकारल्या, त्या त्या वेळी तिला बिनपगारी घरी बसवलं होतं, हे सगळे दिवस एकत्र केले तर साधारण सहा महिने भरतात, आणि तेवढं काम ती आम्हाला अजून देणं लागते. करारात तसं लिहिलेलं होतं आणि खाली तिची सही होती. ऑगस्ट 1943 मध्ये ती लॉस एंजेलिसच्या कोर्टात गेली. दीड वर्षाने निकाल पक्का झाला तेव्हा कॅलिफोर्नियातल्या प्रत्येक नट-लेखक-दिग्दर्शकाच्या कराराची कमाल लांबी ठरून गेली होती.

ही गोष्ट सहसा एका नाजूक दिसणाऱ्या नटीने बलाढ्य स्टुडिओला नमवलं अशा थाटात सांगितली जाते. धैर्य होतंच, पण नुसत्या धैर्यावर ती जिंकली असती असं वाटत नाही. तिच्याआधी तिच्याच स्टुडिओतल्या, तिच्याहून जास्त भांडखोर नटीने असाच प्रयत्न केला होता आणि ती हरली होती. फरक पडला तो कोर्टापुढे ठेवलेल्या प्रश्नामुळे. तिकडे जाण्याआधी कराराची रचना बघावी लागेल.

करार काय होता

तेव्हाच्या हॉलिवूडमध्ये नट, पटकथालेखक, दिग्दर्शक हे सगळे पगारी नोकर असत. आपल्याकडे प्रभात, न्यू थिएटर्स, बॉम्बे टॉकीज यांच्यातही महिन्याच्या पगारावर कलाकार असत, त्यामुळे कल्पना नवी नाही. हॉलिवूडची खासियत होती ती एकतर्फी मुदतवाढीची. करार म्हणायला सात वर्षांचा. प्रत्यक्षात पहिला टप्पा 52 आठवड्यांचा, आणि पुढच्या प्रत्येक वर्षी तो वाढवायचा की सोडून द्यायचा हे फक्त स्टुडिओने ठरवायचं. चित्रपट चालले नाहीत तर स्टुडिओ वर्षाअखेरीस नारळ देणार. चित्रपट चालले तर कलाकार आदल्याच अटींवर, आधी ठरलेल्या पगारवाढीवर अडकलेला. बाजारात त्याचा भाव दसपट झाला तरी वाढ ठरलेलीच. ऑलिव्हियाचा करार एप्रिल 1936 चा, आणि त्याखालची नोकरी 5 मे 1936 पासून सुरू झाली. तेव्हा ती वीस वर्षांचीही नव्हती.

दुसरी गोष्ट उसनवारीची. स्टुडिओ आपला नट दुसऱ्या स्टुडिओला भाड्याने देई. भाडं स्टुडिओ घेई, नटाला त्याचा नेहमीचा पगार मिळे, मधला फरक स्टुडिओच्या खिशात.

आणि तिसरं कलम, ज्यावरून पुढे सगळं घडलं. दिलेली भूमिका नाकारली तर पगार बंद. किती दिवस? ती भूमिका दुसऱ्या कोणी करून संपवेपर्यंत. हे दिवस कराराच्या शेवटाला जोडले जात. म्हणजे नटीने आठ आठवड्यांच्या चित्रपटाला नाही म्हटलं तर आठ आठवडे पगार नाही, बाहेर काम करायला परवानगी नाही, आणि सुटकेची तारीखही आठ आठवडे पुढे. पगार बुडणं माणूस सोसू शकतो. पण इथे नकाराची वसुली आयुष्यातल्या दिवसांतून होत होती, आणि ते दिवस कुठपर्यंत वाढतील याला वरची मर्यादा नव्हती. जी नटी चोखंदळ, तिचा करार लांब. जी मुकाट्याने मिळेल ते करते, ती वेळेत सुटते. कलाकाराच्या निवडबुद्धीवर याहून चोख दंड कोणाला सुचला असता असं वाटत नाही.

तिचं दुखणं

1934 मध्ये माक्स राइनहार्टने हॉलिवूड बोल या खुल्या रंगमंचावर शेक्सपिअरचं 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' बसवलं, त्यात हर्मियाची भूमिका आयत्या वेळी ऑलिव्हियाकडे आली. त्यावरून वॉर्नरने तिला घेतलं. 1935 च्या 'कॅप्टन ब्लड'मध्ये एरॉल फ्लिनबरोबर तिची जोडी जमली आणि पुढे या जोडीचे एकूण आठ चित्रपट आले. धंद्याच्या नजरेने सगळं उत्तम चाललं होतं. फ्लिन तलवार चालवणार, घोडा उडवणार, आणि ऑलिव्हिया योग्य क्षणी डोळे मोठे करून त्याच्याकडे बघणार. वॉर्नर हा मुख्यतः पुरुषांच्या चित्रपटांचा कारखाना होता: गुंड, खलाशी, सैनिक. बायकांच्या दमदार भूमिका थोड्या, आणि त्या आधी बेट्टी डेव्हिसच्या वाट्याला जात.

तिची गुणवत्ता दिसली ती उसनी दिलेल्या कामात. 1939 च्या 'गॉन विथ द विंड'मधल्या मेलनीसाठी निर्माता डेव्हिड सेल्झनिक याला ती हवी होती. स्टुडिओचा प्रमुख जॅक वॉर्नर सोडायला तयार नव्हता. तिने त्याच्या बायकोला गाठलं, तिच्यामार्फत शब्द टाकला आणि परवानगी मिळवली. ऑस्करचं पहिलं नामांकन त्या भूमिकेचं. 1941 मध्ये पॅरामाउंटला उसनी गेली, 'होल्ड बॅक द डॉन' केला, दुसरं नामांकन. ते ऑस्कर तिची सख्खी बहीण जोन फाँटेन हिला मिळालं, पण तो वेगळाच विषय. दोन्ही नामांकनं परक्या स्टुडिओत केलेल्या कामाची होती, आणि घरी परतल्यावर पुन्हा तीच प्रेयसी वाट बघत होती. तिने नकार द्यायला सुरुवात केली. दर नकाराला बिनपगारी घरी बसवणं आलं, आणि दिवस साठत गेले.

स्टुडिओच्या बाजूनेही थोडं बोललं पाहिजे, नाहीतर हे प्रकरण नुसतं खलनायकी होईल. याच कारखान्यात, साधारण याच अटींवर, मायकेल कर्टिझ या दिग्दर्शकाने 1926 पासून पाव शतक काढलं. हाताला लागेल ती पटकथा घेतली, आणि त्या रगाड्यातून 'कॅसाब्लांका'ही काढला. 'कॅप्टन ब्लड'ही त्याचाच. हम्फ्री बोगार्ट तिथे वर्षानुवर्षं दुय्यम गुंडांची कामं करत राहिला. जॉर्ज राफ्टने नाकारलेला 'द माल्टीज फाल्कन' 1941 मध्ये त्याच्याकडे आला आणि त्याचं नशीब फिरलं. राफ्टचा नकार राफ्टला बुडवून गेला, बोगार्टला तारून. दर आठवड्याला पगार, दरवर्षी चार-पाच चित्रपटांचा सराव, प्रसिद्धीखातं दिमतीला, हे फायदे खरे होते. कोणाला ही व्यवस्था मानवते आणि कोणाला गुदमरवते, हे करार करताना विशीतल्या मुलीला कळणं अशक्य. म्हणून मुदतीला महत्त्व.

आधीच्यांचे प्रयत्न

जेम्स कॅग्नी वॉर्नरला कोर्टात खेचून 1936 मध्ये जिंकला होता, पण त्याचा मुद्दा साधा होता: करारातली अट स्टुडिओनेच मोडली. त्याच्या विजयाचा दुसऱ्या कोणाला उपयोग नव्हता, कारण व्यवस्थेला त्याने हात लावला नव्हता. काही काळ एका छोट्या कंपनीत काम करून तो पुन्हा वॉर्नरकडेच आला.

डेव्हिसची कथा जास्त बोलकी. 1936 मध्ये भूमिकांना कंटाळून ती तडक इंग्लंडला गेली आणि तिथल्या निर्मात्याशी बोलणी केली. वॉर्नरने लंडनच्या कोर्टात मनाई हुकूम मागितला. तिच्या बाजूने मांडणी झाली ती करार म्हणजे गुलामगिरी आहे अशी. वॉर्नरच्या वकिलाने तिला जास्त पैशांसाठी हट्ट करणारी मुलगी ठरवलं. न्यायमूर्तींनी मनाई हुकूम दिला. तर्क असा की तुम्हाला वॉर्नरकडे काम करायला कोणी भाग पाडत नाही. पण दुसऱ्यासाठी अभिनय करायचा नाही एवढं तुम्ही कबूल केलंय, ते पाळा. अभिनय सोडून दुसरं काहीही करून पोट भरायला तुम्ही मोकळ्या आहात. कायद्याच्या अभ्यासक्रमात हा निकाल अजून शिकवतात. नटीने अभिनय सोडून पोट कसं भरायचं, याची काळजी न्यायमूर्तींना करायची नव्हती.

हरूनही डेव्हिसचं नुकसान झालं नाही. ती परतली आणि स्टुडिओने तिला चांगल्या भूमिका देणं सुरू केलं. 1938 च्या 'जेझबेल'ने तिला दुसरं ऑस्कर दिलं. जॅक वॉर्नरला कळत होतं की असल्या माणसाला नुसतं दाबून ठेवण्यात पैसा नाही.

दोघींतला फरक इथे आहे. डेव्हिस करार चालू असताना निघून गेली, तेही परदेशात, आणि हा करार न्याय्य आहे का असं कोर्टाला विचारलं. सही केलेल्या सज्ञान माणसाला असं विचारलं की कोर्टं सहसा हात झटकतात. ऑलिव्हियाने करार मोडलाच नाही. ती सात वर्षं थांबली, नकारांचा दंड भरला, आणि मुदत उलटल्यावर विचारलं: हा करार संपला का? प्रश्न लहान, कोरडा, तारखांचा. उत्तर देण्यासाठी न्यायाधीशाला स्टुडिओ वाईट आहे असं म्हणायची गरजच नव्हती.

कायदा आधीपासून पडून होता

कॅलिफोर्नियाच्या 1872 च्या दिवाणी संहितेत एक कलम होतं: व्यक्तिगत सेवेचा करार दोन वर्षांपलीकडे नोकरावर लादता येणार नाही. पुढे ही मर्यादा पाच वर्षांवर आणि 1931 मध्ये सात वर्षांवर नेली गेली. 1937 मध्ये कलम कामगार संहितेत गेलं, क्रमांक 2855. हॉलिवूडचे करार नेमके सात वर्षांचे का, याचं उत्तर या कलमात आहे: कायदा देईल तेवढी कमाल मुदत स्टुडिओ घेत होते. नकाराचे दिवस जोडून ते त्या मर्यादेच्याही पुढे जात होते, आणि कोणी हरकत घेत नव्हतं.

का नव्हतं घेत? कायदा माहीत नव्हता असं नाही. पण हरकत घ्यायची तर करार संपल्यावर घ्यायची, म्हणजे खटला चालेल तितके दिवस घरी बसायचं, वकिलाची फी स्वतः भरायची, आणि समोर असा पक्ष ज्याला उशीर हवाच आहे. ज्याचे सहा महिने थकले आहेत त्याने दोन वर्षं पणाला लावायची. व्यवहार बघणारा माणूस सहा महिने काम करून मोकळा होईल. स्टुडिओचा सगळा भरवसा या हिशेबावर होता. ऑलिव्हियाचा वकील मार्टिन गँग याने तिला कलम दाखवलं, आणि तिने तो तोट्यातला हिशेब पत्करला.

कोर्टात

स्टुडिओचे मुद्दे दोन. पहिला: सात वर्षं म्हणजे प्रत्यक्ष केलेल्या कामाची सात वर्षं, घरी बसलेले दिवस त्यात धरायचे नाहीत. दुसरा: मुदत वाढवण्याचं कलम तिने स्वतः मान्य केलंय, म्हणजे कायद्याने दिलेला हक्क तिने आपणहून सोडलाय. खालच्या कोर्टाने मार्च 1944 मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला. वॉर्नर अपिलात गेला. अपील कोर्टाचा निकाल 8 डिसेंबर 1944 चा. फेब्रुवारी 1945 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने फेरतपासणी नाकारली आणि विषय मिटला.

अपील कोर्टाने पहिला मुद्दा खोडला: सात वर्षं म्हणजे कॅलेंडरवरची सात वर्षं. काम केलेले दिवसच मोजायचे ठरवले तर मर्यादेला अर्थच उरत नाही. मालक एखाद्याला कितीही काळ धरून ठेवू शकेल. दुसऱ्या मुद्द्यावर उत्तर याहून महत्त्वाचं होतं. हा नियम एका नटीच्या सोयीसाठी केलेला नाही, तो सार्वजनिक हितासाठी आहे. म्हणून खाजगी करारात सही करून तो कोणाला सोडून देता येत नाही. वय, प्रकृती, मुलांचं शिक्षण, बदललेली परिस्थिती यांमुळे माणसाला मालक बदलावा लागतो, आणि अनुभव वाढला की जास्तीत जास्त मोबदल्यावर वर सरकण्याची संधी मिळायला हवी, असा निकालपत्राचा आशय. चित्रनगरीची झगमग त्यात जवळजवळ नाही. लेखनिकाला लागू व्हावं असं ते सरळ लिहिलंय, आणि म्हणून ते टिकलं.

या कलमाचं आणखी एक वैशिष्ट्य नजरेतून सुटतं. सात वर्षांपलीकडे करार नोकरावर लादता येत नाही, पण तो आपोआप रद्द होत नाही. नोकराला तो मालकाविरुद्ध वापरायचा असेल तर वापरता येतो. एकतर्फी मुदतवाढीच्या व्यवस्थेला तितकंच एकतर्फी उत्तर.

मधली दोन वर्षं

खटला चालू असताना जॅक वॉर्नरने इतर स्टुडिओंना कळवून ठेवलं की ही नटी आमच्या करारात आहे, तिला काम देऊ नका. कोणी दिलं नाही. 1944 आणि 1945 ही दोन वर्षं तिचा एकही नवा चित्रपट पडद्यावर आला नाही. 'डिव्होशन' हा आधीच चित्रित झालेला चित्रपट वॉर्नरने डब्यात ठेवला होता. ती रेडिओवर थोडंफार काम करत राहिली आणि युद्धातल्या जखमी सैनिकांच्या इस्पितळांमध्ये फिरली. अलास्काकडच्या बेटांवर, दक्षिण पॅसिफिकमध्ये.

तेव्हाच्या धंद्यात नटीची सत्तावीस ते एकोणतीस ही वर्षं गेली म्हणजे काय गेलं, हे वेगळं सांगायला नको. प्रेक्षक विसरतो, त्याहून आधी निर्माता विसरतो. हरली असती तर हे नाव आज फक्त फ्लिनच्या नायिकांच्या यादीत सापडलं असतं.

साधारण याच काळातला आपल्याकडचा प्रसंग आठवतो. 1939 मध्ये शांता आपटे पुण्यात प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या, पगार आणि करार यांच्या वादातून. त्यांच्या हातात 2855 सारखं कलम नव्हतं. फाटक होतं, वर्तमानपत्रं होती आणि लोकप्रियता होती, तेवढ्यावर त्या लढल्या. पुढल्या वर्षी त्यांनी या धंद्यावर मराठीत पुस्तकही लिहिलं. प्रसंग गाजला, पण त्यातून बाकीच्या नटनट्यांच्या उपयोगी पडेल असा नियम उरला नाही.

सुटल्यावर

1946 या एका वर्षात तिचे चार चित्रपट आले, त्यात वॉर्नरने अडवून ठेवलेला 'डिव्होशन'ही. पॅरामाउंटच्या 'टू ईच हिज ओन'ने तिला पहिलं ऑस्कर दिलं. दिग्दर्शक मिचेल लायसन, पटकथेत चार्ल्स ब्रॅकेट: दोघेही 1941 च्या त्या उसन्या चित्रपटातले. स्टुडिओने भाडं कमवायला तिला पाठवलं, आणि तिने तिथे आपली पुढची माणसं जोडून ठेवली होती. कारकिर्दीच्या अभ्यासात हा तपशील मला निकालाइतकाच मोलाचा वाटतो, कारण कायद्याने दार उघडलं तरी पलीकडे ओळखीचं कोणीतरी असावं लागतं.

1948 च्या 'द स्नेक पिट'साठी ती मनोरुग्णालयांमध्ये जाऊन निरीक्षणं करून आली, पुन्हा नामांकन. 'द एअरेस'चं तर मूळच तिचं: न्यूयॉर्कला नाटक पाहिलं आणि विल्यम वायलरला स्वतः सुचवलं. 1949 च्या त्या चित्रपटाने दुसरं ऑस्कर. साध्या, अनाकर्षक, बापाकडून हिणवल्या जाणाऱ्या वारसदार मुलीची ती भूमिका वॉर्नरमध्ये कोणी तिच्यापुढे ठेवली असती असं वाटत नाही.

1950 च्या दशकात ती फ्रान्सला राहायला गेली आणि चित्रपट तुरळक झाले. 2020 मध्ये 104 व्या वर्षी पॅरिसमध्ये वारली.

इतरांना काय मिळालं

लगेचचा फायदा युद्धावर गेलेल्या नटांना झाला. करार चालू असताना सैन्यात गेलेल्यांची युद्धातली वर्षं स्टुडिओला आता शेवटाला जोडता येत नव्हती. पुढच्या दहा वर्षांत दीर्घ करारांची पद्धतच मोडली, पण त्याचं सगळं श्रेय या निकालाला देणं बरोबर नाही. 1948 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्टुडिओंना चित्रपटगृहांच्या मालकीपासून तोडलं, मग टेलिव्हिजन आला, आणि शेकडो माणसं पगारावर पोसणं स्टुडिओंनाच परवडेना. 1950 मध्ये जेम्स स्टुअर्टने एका चित्रपटासाठी पगाराऐवजी नफ्यात वाटा घेतला; त्याचा दलाल लू वॉसरमन याने तो सौदा जमवला. मोठ्या नटांना मोकळेपणा फळला. मधल्या फळीतल्यांचं मात्र वेगळं झालं: त्यांची साप्ताहिक पगाराची हमी गेली आणि हाती आलं दोन कामांमधलं रिकामपण.

गायकांच्या बाबतीत रेकॉर्ड कंपन्यांनी 1987 मध्ये कलमात दुरुस्ती करून घेतली: सात वर्षांनी गायक जाऊ शकतो, पण ठरलेले अल्बम दिले नसतील तर कंपनी भरपाई मागू शकते. नट-गायक जॅरेड लेटोच्या बँडने हेच कलम पुढे केलं तेव्हा त्यांच्या कंपनीने तीन कोटी डॉलरचा दावा लावला. 2009 मध्ये तडजोड झाली.

टेलिव्हिजनमध्ये सात वर्षांची सावली अजून स्पष्ट दिसते. अमेरिकी मालिकेतल्या मुख्य नटाकडून पहिल्या भागाआधीच सहा-सात वर्षांपर्यंतची सही घेतात, आणि मुदतवाढीचा हक्क पूर्वीसारखाच निर्मात्याकडे. दरवर्षी बावीस भागांचा हंगाम येई तोवर हे गणित निर्मात्याला सोयीचं होतं. स्ट्रीमिंगमध्ये दोन हंगामांमध्ये दीड-दोन वर्षं जाऊ लागली. कॅलेंडर थांबत नाही, त्यामुळे सात वर्षांत तीन-चार हंगामच निघतात आणि पुढच्यासाठी निर्मात्याला नव्याने बोलावं लागतं. पण मधल्या रिकाम्या महिन्यांत नटाने दुसरीकडे काम करायचं नाही ही अट या कलमाने सुटत नव्हती, कारण भांडण मुदतीचं नव्हतंच. त्यासाठी नटांच्या संघटनेला 2022 मध्ये निर्मात्यांशी वेगळी बोलणी करावी लागली.